चाचांनी ढब्बूला नेलं

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. चाचा जिवंत आहेत. चांगले ठणठणीत आहेत आणि अजून दर शनिवारी सकाळी आमच्या दारात चपला काढतात. तेव्हा माझी काही अडचण नाही.

मी त्यांच्यावर चिडले त्याला दोन उन्हाळे झाले. बँकेतली मैत्रीण म्हणते, एवढा राग धरून ठेवू नये, बीपी वाढतं. वाढू दे.

चाचा कुत्र्यांना शिकवतात. धंदा म्हणून नव्हे. धंदा त्यांचा ट्रकचा. तीस वर्षं त्यांनी सांगोल्याकडची डाळिंबं दिल्लीला नेली, कधी त्याच्याही वर डोंगरात, आणि येताना सफरचंदं भरून आणली. एकदा वर दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. नऊ दिवस ट्रक जागेवरून हलला नाही. ते नऊ दिवस चाचा मेंढपाळांच्या तळावर राहिले, त्यांच्यात जेवले आणि त्यांची कुत्री कशी वागतात ते बघत बसले. पुढे प्रत्येक खेपेला ते त्या लोकांना शोधून काढायचे. मग एका अपघातात पाय मोडला, ट्रक सुटला आणि ते कायमचे सोलापुरात आले. इथल्या लोकांची कुत्री बघून त्यांचं टाळकं सरकायला लागलं.

"मी शिकवायला जात न्हाय मॅडम," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "माजं डोकं फिरतं म्हणून जातो."

बुटका माणूस. डावा पाय किंचित ओढत चालणार. हातात कायम एक प्लॅस्टिकची पिशवी. तीत कुत्र्याच्या कामाचे जुने कपडे असायचे. आमच्या मोरीत जाऊन कपडे बदलायचे, काम झालं की कोपरापर्यंत हात धुऊन पुन्हा आपले स्वच्छ कपडे घालायचे. नमाजाला जायचं तर कुत्र्याची लाळ अंगावर चालत नाही. त्यांच्या स्वतःकडे कुत्रं नव्हतं. का, विचारलं तर म्हणाले, "घरात आणलं तर बायको मलाच बाहेर बांधंल."

वेळ ते रस्त्यात मोजायचे. "किती दिवसांत शिकेल?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आत्ताशी मार्केट यार्डातनं गाडी निघाली. टेंभुर्णी तर येऊ द्या, मग दिल्लीचं इचारा." आमच्या कॉलनीतल्या एका डॉक्टरांना त्यांनी, "तुमचं कुत्रं दिल्लीला पोचलं, तुमी अजून पेट्रोल पंपावरच हाय," असं चारचौघांत सुनावलं होतं. ते डॉक्टर आजही चाचा दिसले की रस्ता बदलतात. तेव्हा मला त्याचं फार हसू आलं होतं.

आता कुत्र्याचं सांगते. कुत्रं आणलं माझ्या धाकट्या भावाने. बाबा जाऊन सहा महिने झाले होते. आई खोलीतून बाहेर यायची नाही. उजनीकाठच्या शाळांतून जिने तीस वर्षं पोरांना पाढे घोकायला लावले, तिच्या तोंडून दिवसाला पाच वाक्यं निघेनात. मी बँकेत जायची, संध्याकाळी यायची, तर सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच. भाऊ पुण्याला. तो मित्रांबरोबर हिमाचलात फिरायला गेला आणि दिवाळीला येताना एका बास्केटमधून पिल्लू घेऊन आला. काळंभोर, गळ्याभोवती तपकिरी केसांची झालर, पंजे माझ्या मुठीएवढे.

"मेंढपाळांचं कुत्रं आहे. बिबट्याला भिडतात म्हणे," भाऊ म्हणाला. "आईला सोबत होईल."

सोलापुरात बिबट्याला भिडायचं होतं कुणाला? पण भाऊबीज झाली, ओवाळणी टाकली आणि तो पुण्याला निघून गेला. पिल्लू राहिलं. भावावरही माझा राग आहेच, पण ते आमचं आम्ही बघू.

आईने पिल्लाकडे आठवडाभर पाहिलं नाही. आठव्या दिवशी मी घरी आले तर ती ओट्यापाशी उभी होती. दूध कोमट करत होती. मला म्हणाली, "हा ढब्बू दुपारभर रडतो, तुला कळत नाही का?"

नाव तिथेच पडलं.

ढब्बूने आईला खोलीबाहेर काढलं, हे मला कबूल करायलाच पाहिजे. ती त्याच्याशी बोलायची. आधी दुधाचं, मग बाबांचं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. मला जे कधी सांगितलं नाही ते ती कुत्र्याला सांगायची. फेब्रुवारी येईतो तो गुडघ्याच्या वर आला होता आणि आई त्याला कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत फिरवून आणायला लागली होती. एके दिवशी समोरून मांजर गेलं. ढब्बूने हिसका दिला, आई उताणी पडली, मनगट मोडलं.

प्लास्टर घातलेला हात धरून ती पहिलं काय म्हणाली असेल? "त्याला मारू नकोस गं."

म्हणून मी शिकवणारा शोधायला लागले. सोलापुरात सगळं मिळतं, कुत्र्याला शिकवणारा माणूस मिळत नाही. एकाला बोलावलं, तो टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आला आणि इंग्रजीत ओरडायला लागला. ढब्बू त्याच्याकडे बघत निवांत बसून राहिला. त्या माणसाने सल्ला दिला, उन्हाळा आलाय, याचे केस तासून टाका. दुसरा आलाच नाही, मोबाइलवर व्हिडिओ पाठवत राहिला. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "एक आहेत. पण तोंड फार फाटकं आहे."

चाचा आले. त्यांनी कुत्र्याला हात लावला नाही. माझ्याशी बोलले नाहीत. अंगणात पाय पसरून बसले आणि आईला विचारलं, "बाई, तुमी ह्याला सगळ्यात जास्त काय बोलता?"

आई गोंधळली. "काय म्हणजे... 'नको' म्हणते. 'नको रे' म्हणते."

"दिवसात किती बार?"

"सारखीच."

"मग त्यानं ते नाव समजलं आसंल सोताचं," चाचा म्हणाले. आणि मी बघतच राहिले, कारण आई हसली.

केस तासायचं मी बोलून गेले तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले. "केस कापू नका. ती त्याची सावली हाय. सावली कापणार काय तुमी? कोण बोलला? त्याचं नाव सांगा मेरेकू, मी त्याचे केस कापून येतो."

दोरी ताणली की जागेवर थांबायचं, सैल पडली की चालायचं, हे त्यांनी त्याला शिकवलं. शिकवलं म्हणजे आईला शिकवलं. एका हाताने दोरी, दुसरा हात प्लास्टरमध्ये, खिशात कडक भाकरीचे तुकडे. महिनाभर रोज पहाटे पाचला ते यायचे. "बाई, झाड व्हा," म्हणायचे. आई झाड व्हायची. आई त्यांच्या बोलण्यातल्या चुका काढायची आणि ते खरोखर सुधारून पुन्हा म्हणायचे. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला साठीपुढचा माणूस माझ्या आईपुढे उभा राहून "किती वेळा" म्हणायचा, "किती बार" नव्हे.

एप्रिलमधली एक दुपार आहे. रविवार. एक वाजता बेल वाजली. चाचा.

"मॅडम, तुमच्याकडं चादरी हायत ना? दोन जाड आणा."

मला वाटलं कुत्र्याच्या काही कामाला हव्यात. मी आणल्या. ते म्हणाले, गच्चीवर चला. गच्चीवर गेल्यावर त्यांनी पिंपाच्या सावलीपासून लांब, उघड्यावर एक पाट ठेवला आणि म्हणाले, "दोनी अंगावर घ्या. डोक्यावरनं. धा मिन्टं बसा."

"कशाला?"

"बसा की."

मी बसले. का बसले ते मला आजही कळत नाही. बँकेत मी चाळीस माणसांना लायनीत उभं करते. दुसऱ्याच मिनिटाला घामाच्या धारा लागल्या. चौथ्याला कानात गुंई व्हायला लागलं. सातव्या मिनिटाला मी चादरी फेकल्या आणि त्यांच्यावर ओरडले, की तुम्हाला अक्कल आहे का, मला चक्कर आली असती तर?

"तुमी फेकू शकता," चाचा म्हणाले. "तो कुटं फेकंल?"

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. मी त्यांच्या मागून जे काय बोलले ते शेजारच्या गच्चीवर वाळवणं घालणाऱ्या बायकांनी ऐकलं. खाली आले तर आई पलंगावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मला तिचा राग आला, आणि ती हसतेय म्हणून बरंही वाटलं, आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ढब्बूसाठी मोठा कूलर आणला. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली. तो उन्हाळा निघाला. पुढचा पावसाळा आणि थंडी ही आमच्या घरातली गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात चांगली सहामाही होती. आई रोज सकाळी ढब्बूला घेऊन दूध केंद्रावर जायची. तिथे तिच्या तीन-चार मैत्रिणी झाल्या. ती पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. पुन्हा पेपर वाचून माझ्याशी वाद घालायला लागली. हे सगळं चाचांनी दिलं. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

दुसरा उन्हाळा वेगळा होता. ढब्बू आता पुरा वाढला होता, चाळीस किलोच्या पुढे. मार्चपासूनच तो खायचा बंद झाला. दिवसभर मोरीच्या ओल्या फरशीवर पडून असायचा, जीभ हातभर बाहेर. चाचा येऊन त्याच्याजवळ बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं न बोलणं मला आवडत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळला. मी बँकेत होते. कूलर बंद, पंखा बंद. दुपारी दोनला शेजारणीचा फोन आला.

आई ढब्बूवर पाणी ओतत होती. टाकीतलं पाणी तापलेलं, म्हणून माठातलं. माठ संपला तेव्हा ती खालच्या हौदातून बादल्या आणायला लागली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जिना चढून, बादल्या. पाचव्या की सहाव्या बादलीला ती जिन्यातच बसली आणि तिला उठता येईना. वर ढब्बू आडवा पडला होता, हिरड्या जांभळ्या पडलेल्या. शेजारणीने दोघांनाही उचलायला माणसं गोळा केली.

दवाखान्यात आईला सलाइन लावलं होतं, मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा चाचा आले. पण ते आधी कुत्र्याकडे जाऊन आले होते. त्यांच्या कपड्यांना औषधाचा वास येत होता. ते दारातच म्हणाले, "ढब्बू वाचला."

"माझी आई इथे आहे," मी म्हटलं. "तुम्हाला दिसतेय का?"

त्यांनी आईकडे पाहिलं. ती झोपली होती. मग त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सांसमोर सांगितलं, "मॅडम, हे कुत्रं हितं पुढचा उन्हाळा काढणार न्हाय. आन बाई पन काढणार न्हाय त्याच्यापायी. त्याला वर सोडू. माज्या वळखीची मान्सं हायत, मेंढरंवाली."

"नाही."

"मॅडम..."

"ती या कुत्र्यामुळे उठून बसलीय. तुम्ही बघितलं नव्हतं तिला आधी. मी बघितलंय. कुत्रं गेलं तर ती परत त्या खोलीत जाईल आणि या वेळी बाहेर येणार नाही. मी एसी लावते. कर्ज काढून लावते. पण कुत्रं जाणार नाही."

"लाइट गेल्यावर एसी काय करंल?"

"इन्व्हर्टर घेते."

"बाईंना इचारलं काय?"

"तिला विचारायचं नाही. तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. आणि आता आमच्या घरी यायचंही नाही."

"हौ," चाचा म्हणाले. तेवढंच. आणि पाय ओढत निघून गेले. मला वाटलं, संपलं.

आठ दिवसांनी मी बँकेतून घरी आले. आई अंगणात खुर्चीवर बसली होती. तिच्या मांडीवर ढब्बूचा पट्टा होता.

"चाचा आले होते," ती म्हणाली. "घेऊन गेले त्याला. डाळिंबाच्या गाडीतून."

मी काय केलं ते सांगते, लाज वाटत नाही मला त्याची. मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुत्रं कुणाच्या नावावर हाय?"

"कुत्रं कुणाच्या नावावर असतं का?"

"मग चोरी कशी म्हणायची, ताई? बरं, घरात कोण होतं तवा?"

"आई."

"त्यांनी दिलं का यांनी हिसकून नेलं?"

मी तशीच उठले. घरी आले आणि आईशी भांडले. बाबा गेल्यापासून मी तिच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. तिला ठेच लागेल म्हणून घरातले शब्दसुद्धा मी उचलून बाजूला ठेवत होते. त्या दिवशी सगळे बाहेर काढले. मी तुझ्यासाठी काय काय केलं, त्या कुत्र्यासाठी काय काय केलं, आणि तू एका ट्रकवाल्याच्या सांगण्यावरून त्याला देऊन टाकलंस. मला एक फोन करता आला नाही?

आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुझं झालं असेल तर मी बोलू?"

मी पायरीवर बसले.

"तो आला. खाली जमिनीवर बसला. म्हणाला, बाई, मॅडमनी मला तुम्हाला विचारायला मना केलंय, तरी मी विचारतोय. तुम्हाला काय वाटतं? मग मी सांगितलं मला काय वाटतं." आईने मांडीवरच्या पट्ट्याची घडी केली. "बाबा गेल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळे मला काय द्यायचं ते ठरवून घेऊन येतात. तुझा भाऊ कुत्रं घेऊन आला, तू एसी आणायला निघालीस."

हे ती मला म्हणाली. मला! जी रोज तिच्या औषधांच्या वेळा मोबाइलवर लावते, तिला. मी त्या रात्री जेवले नाही. आणि माझा राग आईवर कसा काढू? म्हणून तो सगळा चाचांच्या खात्यावर गेला.

ते स्वतः गेले होते, हे मला नंतर कळलं. मोडका पाय घेऊन, ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, ढब्बूला पायापाशी बर्फाच्या लादीवर झोपवून. ऊन चढलं की गाडी सोडून उतरायचे, कुठल्यातरी विहिरीपाशी, कुठल्यातरी झाडाखाली दिवस काढायचे आणि संध्याकाळी मागून येणारी दुसरी ओळखीची गाडी पकडायचे. त्यांच्या घरी फोन केला तर त्यांची बायको रडत होती. "कुत्ते के पीछे जान देंगे ये," म्हणाली. मी तिला धीर द्यायला पाहिजे होता. मी म्हटलं, "परत आले की त्यांना आधी माझ्याकडे पाठवा."

सतरा दिवसांनी ते आले. आमच्या घरी नाही. बँकेत. सोमवार, सगळ्यात गर्दीचा दिवस. मी मान वर केली तर लायनीत पाचव्या नंबरवर चाचा उभे. काळे ठिक्कर पडलेले, गाल आत गेलेले, हातात ती पिशवी. मध्ये कुणी म्हणालं, चाचा बसा, तरी ते बसले नाहीत. नंबर आल्यावर काउंटरपाशी येऊन हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, नेताना मी तुमाला इचारलं न्हाय, ती माजी चूक हाय. कुत्रं नेलं, ती चूक न्हाय. आता काय बोलायचं ते बोला."

मी बोलले. लोकांसमोर बोलले. कुणाच्या घरात शिरून कुणाच्या म्हाताऱ्या आईला फितवणं याला काय म्हणतात ते सांगितलं. तुम्हाला फक्त कुत्र्याची जीभ दिसते, माणसाची दिसत नाही, हे सांगितलं. तुमच्यासारखी माणसं जनावरांवर प्रेम करतात ते माणसांवर करायला लागू नये म्हणून, असंही काहीतरी म्हणाले. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले आणि परत आत गेले. चाचा मान खाली घालून उभे. त्यांनी एक शब्द जरी उलटा टाकला असता तर मला बरं झालं असतं.

माझं संपलं. मागे कुणीतरी खोकलं.

"कसा आहे तो?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

चाचांनी तोंड पुसलं. "लई चांगला हाय. डोंगर लागल्यावर तिसऱ्या दिवशी बरफ लागला, वरच्या अंगाला. दोरी सोडली. पळत गेला. लोळला. दुसरी कुत्री आली, त्यांचं काय-काय झालं, गुरगुरले, मग त्यांच्यासंगं वर मेंढरांकडं गेला." त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "मॅडम, मी तितंच उभा राहिलो. अंधार पडंस्तवर. इतका लांब घेऊन गेलो त्याला. एकदा वळून बगंल वाटलं."

"मग?"

"न्हाय बगितलं."

साठीपुढचा माणूस, काउंटरच्या काचेपलीकडे, माझ्यासमोर रडत होता. मला दया आली नाही. मी म्हटलं, "बरं केलं त्याने."

"हौ," ते म्हणाले. "बरं केलं." मग काचेच्या फटीशी तोंड आणून हळूच म्हणाले, "बाईंना हे नका सांगू. बाईंना मी सांगतो, बगितलं म्हणून."

संध्याकाळी ते घरी आले. मी येऊ नका म्हटलं होतं, पण आईने दार उघडलं. आज ते काही कुत्र्याच्या कामाला आले नव्हते, तरी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आईच्या पुढ्यात जमिनीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. रस्ता सांगितला, थंडी सांगितली, मेंढपाळाच्या बायकोने ढब्बूला पहिल्या दिवशी काय खाऊ घातलं ते सांगितलं. त्या बाईने त्याचं नाव विचारलं आणि तिला 'ढब्बू' म्हणता येईना, तीही नक्कल करून दाखवली. आई हसत होती, डोळे पुसत होती. मग ते म्हणाले, "आन जाताना, बाई, वर चढला, आन थांबला. वळून बगितलं माज्याकडं. लई येळ बगितलं. मग गेला."

आईने डोळे पुसायचं थांबवलं. तिने माझ्याकडे मान वळवली. तीस वर्षं तिने पोरांचे चेहरे वाचले होते.

"खरं का गं? तुला सांगितलं का यांनी?"

चाचा जमिनीकडे बघत होते. सकाळी ज्या माणसाला मी भर बँकेत फाडून खाल्लं, त्याच्यासाठी मला आता खोटं बोलायचं होतं, आणि ते त्याने मला न विचारता माझ्या गळ्यात बांधलं होतं. पुन्हा एकदा न विचारता.

"हो," मी म्हटलं. "बँकेतच सांगितलं. बघितलं म्हणे वळून."

आईने पदराने डोळे कोरडे केले.

"वेडा," ती म्हणाली. "एवढं सगळं समोर दिसत होतं, तर मागे कशाला बघायचं?"

चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.